पाळणाघर कोणाच्या माथी?

1948 च्या कारखाने कायद्याने पाळणाघराची सक्ती केली ती स्त्रीकामगारांची शिरगणती करून. ती संख्या मर्यादेच्या आत ठेवण्याचा मोह मालकांस होणे स्वाभाविकच होते. 2017 च्या मातृत्वलाभ दुरुस्तीने स्त्रीपुरुष मिळून 50 नोकरांची मर्यादा घातली, हे योग्यच झाले. परंतु आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाचे काय? (हा प्रश्न आमच्या वाचकांसही थोडा अडचणीचा वाटेल!) अशांसाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे ठरविले. दिशा बरोबर आहे. मात्र अंगणवाडीसेविकेच्या हाती पडते ते मानधन, वेतन नव्हे. सहा महिन्यांचे मूल दिवसभर सांभाळणे ही जर नोकरी नसेल तर नोकरी कशास म्हणावे, याचा खुलासा सरकारने करावा अशी आमची मागणी आहे.