परदेशातून आलेला स्कॅनर

मागच्या लग्नसराईत अकोल्यातील एका स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. तीन पिढ्यांचा डाळीचा व्यापार. बँकेत असताना त्यांच्या गोदामाची तपासणी मी कित्येकदा केलेली, त्यामुळे त्या घरी मी आजही ‘साहेब’च. त्यांच्या अमेरिकेतील पुतण्याने बाराव्या वर्षात पदार्पण केलेल्या नातवासाठी एक भेट आणली होती : हातात मावेल एवढा काळा रेडिओ स्कॅनर, सोबत लांब अँटेना. नातवाने गच्चीवर लोखंडी नळ उभारून तिच्या टोकाला ती अँटेना बसवायचा बेत आखला होता, आणि गच्चीच्या कठड्यापासून हातभर अंतरावरून विजेची उघडी तार गेली होती.

स्कॅनर म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. आपला घरचा रेडिओ ठरावीक पट्ट्यांवरचे प्रसारण ऐकतो. मध्यम लहरीवर नागपूर आकाशवाणी, एफएमवर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधली केंद्रे. स्कॅनर त्यापलीकडे जातो. एका सेकंदात अनेक वाहिन्या तो स्वतःच तपासत राहतो आणि जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबतो. विमान आणि नियंत्रण कक्ष यांचे संभाषण, अग्निशमन, पोलीस, सुरक्षा रक्षकांचे वॉकी-टॉकी असे काहीही त्यात येऊ शकते. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत असे ऐकणे हा एक छंद मानला जातो, आणि त्याची उपकरणे तिथे दुकानांत उघडपणे विकली जातात. पुतण्याने काही वावगे केले नव्हते. पण तिथली सवय तो पेटीत भरून इकडे घेऊन आला होता.

“साहेब, यात बोलायची सोयच नाही, नुसते ऐकायचे आहे. त्यात कायदा कुठे आला?” स्नेह्यांनी विचारले.

प्रश्न स्वाभाविक होता. पण आपल्याकडे ऐकणारे उपकरणसुद्धा पूर्वीपासून परवान्याच्या कक्षेत आहे. १९३३च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याशिवाय असे उपकरण जवळ बाळगण्यास मनाई केली. माझ्या वयाच्या वाचकांना रेडिओच्या परवान्याची पुस्तिका आठवत असेल. दरवर्षी पोस्टात रांग लावून शुल्क भरावे लागे. १९८०च्या दशकात ते शुल्क गेले आणि साध्या प्रसारण-रेडिओसाठी कुणी विचारेनासे झाले. त्यामुळे ‘नुसते ऐकायला कुणाची ना नसते’ अशी समजूत रूढ झाली. ती प्रसारणापुरती खरी आहे. २०२३च्या दूरसंचार अधिनियमाने ‘दूरसंचार’ या शब्दाच्या व्याख्येत प्रक्षेपणाइतकेच ग्रहणही घेतले आहे, आणि रेडिओ उपकरण बाळगायला अधिकृत परवानगी किंवा सूट असावी लागते. शिवाय त्याचे कलम ४२ संदेशांचा बेकायदा वेध घेण्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगते. २६ जून २०२४पासून हे कलम अमलात आहे.

दोन कोटींचा आकडा ऐकून स्नेही हसले, मग गंभीर झाले. व्यापारी घरात अशा गोष्टीला निराळे वजन असते. उद्या एखाद्या तपासात अधिकारी दारात उभा राहिला, तर त्याला ‘मुलाचे खेळणे आहे’ हे सांगता येईल, पण कागद कुठला दाखवणार? बँकेत आम्ही तारण घेण्याआधी मालाची मालकी पाहत असू; माल किती चांगला आहे, हा प्रश्न नंतरचा. बाजारात सहज मिळते म्हणजे ते वैध आहे, हाही भ्रमच. २०२५च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या नियमबाह्य विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा पाठवल्या होत्या. विकणाऱ्याची चूक विकत घेणाऱ्याच्या कपाटात येऊन बसते, हे आपण नेहमी विसरतो.

नातू मात्र हिरमुसला. त्याला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचे बोलणे ऐकायचे होते. १६ एप्रिल २०२५ला मुंबईहून पहिले प्रवासी विमान तिथे आल्यापासून त्याला या गोष्टींचे वेड लागले होते. वैमानिकांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, हे त्याने मला पाठ म्हणून दाखवले. मी त्याला म्हटले, “विमान कुठे आहे ते मोबाइलवर पाहता येते. त्यांचे बोलणे त्यांच्यासाठी असते.” ते त्याला पटले की नाही, ठाऊक नाही. पण लहरींची हौस खरी असेल तर तिच्यासाठी एक सरळ वाट आहे, आणि तिचे वय बारापासून सुरू होते.

ती वाट म्हणजे हौशी रेडिओचा, अर्थात ‘हॅम’चा परवाना. दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम हे विषय असतात. अर्ज सरल संचार संकेतस्थळावर होतो. उत्तीर्ण झाल्यावर स्वतःचे सांकेतिक नाव मिळते आणि मग ठरवून दिलेल्या पट्ट्यांवर ऐकायलाही व बोलायलाही मोकळीक मिळते. २००४च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅम मंडळींचे एक पथक पोर्ट ब्लेअरमध्ये होते. २६ तारखेला सुनामी आली, इतर संपर्क तुटला आणि त्यांच्या संचांवरून निरोप जाऊ लागले. हा प्रसंग मी त्या मुलाला सविस्तर सांगितला, तेव्हा त्याचा चेहरा जरा उजळला.

आता ती लोखंडी नळ. मला खरी भीती तिची वाटली. कायद्याचा कागद उद्याही भरता येतो, तारेला टेकलेली नळ दुसरी संधी देत नाही. साध्या रेडिओची किंवा पुढे हॅमची अँटेना उभारायची असली, तरी ती कोलमडली तर विजेच्या तारेपर्यंत पोहोचू नये एवढे अंतर राखले पाहिजे : खांबाच्या उंचीच्या दीडपट, आणि जागा नसेल तर खांबच नको. वादळात झाडाची फांदी पडते तशी नळही पडते. ओल्या गच्चीवर, एकट्याने, लोखंडी शिडी लावून हे काम करू नये.

वीज कोसळण्याचे भय वेगळे. रोहिणी-मृग नक्षत्रांतला आपला वऱ्हाडी गडगडाट सर्वांना माहीत आहे. अँटेनाची तार घरात शिरण्यापूर्वी तिचे बाहेरील आवरण जाड तांब्याच्या तारेने जमिनीला जोडावे, आणि ही जोडणी घराच्या मुख्य अर्थिंगशी एकच असावी. हे काम परवानाधारक विद्युत कारागिराकडूनच करून घ्यावे. मात्र थेट पडलेल्या विजेपुढे कोणतीही जोडणी पुरी पडत नाही. ढग जमू लागले की तार संचातून काढून बाहेरच ठेवायची, हाच त्यावर उपाय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ नावाचे ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. ते घरातल्या प्रत्येक मोबाइलवर असावे.

आणखी एक गोष्ट मी पेटीतला अडॅप्टर हातात घेतला तेव्हा दिसली. त्यावर १२० व्होल्ट लिहिले होते. आपल्याकडील २३० व्होल्टला जोडला असता तर तो धुराने भरून गेला असता. परदेशातून आलेल्या प्रत्येक वस्तूचा हा आकडा आधी वाचावा.

स्कॅनर पुतण्याबरोबर परत गेला. नळीचा बेत रद्द झाला. त्याऐवजी जुन्या रेडिओसाठी गच्चीच्या दुसऱ्या बाजूला, तारेपासून दूर, दहा मीटर तांब्याची तार ताणली आहे. तिची अर्थिंग कारागिराने करून दिली. नातवाचा परीक्षेचा अर्ज भरला गेला आहे. परवा फोनवर त्याने मला विचारले, “आजोबा, मोर्स तुम्हाला येते का?” नाही आले म्हणून मी कबूल केले; तेव्हापासून आम्ही दोघे मिळून शिकतो आहोत.