बाग कोणाची?

गेले दोन महिने आमच्या घरीं एका आंब्यावरून वाद चालला होता. हिंजवडीस आमचें जुनें घर आहे. मागील अंगणांत माझ्या आजोबांनीं लाविलेला एक रायवळ आंबा आहे. गांवाभोंवतीं संगणकाच्या कंपन्यांच्या इमारती उठल्या, भाताचीं खाचरें गेलीं. आंबा तेवढा राहिला. धाकट्या चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, तो काढून तेथें विलायती पद्धतीची हिरवळ करावी. घरचा कर्ता या नात्यानें मीं साफ नाहीं म्हटलें. बोलणें खुंटलें आणि पंक्तीला बापलेक मुकाट्यानें जेवूं लागलों.

धाकटी सूनबाई दोन वर्षें विलायतेंत राहून आलेली. ती म्हणाली, “मामंजी, विलायती बाग म्हणजे काय, तें एकदां ऐकून तरी घ्या.” तिनें पाहिलेली बाग विल्टशर परगण्यांतील स्टाउरहेडची. हेन्री होर नांवाच्या एका श्रीमंत पेढीवाल्यानें इ. स. १७४० नंतरच्या वर्षांत ती आंखली. पाणी अडवून तळें केलें, कांठावर रोमन धर्तीचीं देवळें बांधिलीं, आणि झाडें अशा बेतानें लाविलीं कीं, सारें निसर्गानेंच मांडलें आहे असें वाटावें.

या वयांत मला विलायत कशी घडणार? परंतु साहेबी थाटाची बाग पाहण्यास तितकें दूर जावयास नको. आमच्या गांवाहून पुण्यास जातांना गणेशखिंड लागते. एका रविवारीं सूनबाई व नातू यांना घेऊन तेथें गेलों.

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनीं इ. स. १८६४ मध्यें येथील वाड्याचें काम सुरू केलें. तें १८७१ मध्यें पुरें झालें. पावसाळ्यांत गव्हर्नरांचा मुक्काम येथें असे. यांतली मेख ध्यानांत घेण्याजोगी आहे. हिरवळ हें विलायतेंतील रिमझिम पावसाचें लेंकरूं. आमच्याकडे तें आषाढ-श्रावणांत आपोआप हंसतें, आणि वैशाखांत मात्र पाटाचें पाणी मागतें.

हा थाट इतरांसाठीं नव्हता. २२ जून १८९७ च्या रात्रीं, प्लेगच्या जुलमानें शहर पोळलेलें असतां, राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव याच वाड्यांत झाला. तेथून परततांना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनीं रँडसाहेबावर गोळी झाडली. आंत दिव्यांची रोषणाई आणि बाहेर अंधारांत वाट पाहणारे तरुण! ज्या बागेच्या कुंपणाबाहेर एवढा संताप सांचतो, तिची शोभा ती काय!

आज त्याच वाड्यांत विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १९४९ सालची. वडाखालीं बसून खेड्यापाड्यांतील मुलें पुस्तकें वाचीत होतीं. नातवानें विचारलें, “आजोबा, ही बाग कोणाची?” मीं म्हटलें, “पूर्वीं गव्हर्नरसाहेबांची, आतां विद्यापीठाची.” नळी धरून उभ्या असलेल्या माळ्याकडे पाहून तो म्हणाला, “मग पाणी हे कां घालतात?” मला उत्तर सुचलें नाहीं.

तेव्हां सूनबाईनें स्टाउरहेडची उरलेली हकीकत सांगितली. तेथील शेवटचे धनी सर हेन्री होर यांचा एकुलता एक पुत्र १९१७ सालीं महायुद्धांत कामास आला. वारसाविना राहिलेल्या त्या वृद्धानें १९४६ मध्यें वाडा व बाग नॅशनल ट्रस्ट या लोकसंस्थेच्या स्वाधीन केली. पुढच्याच वर्षीं पतिपत्नी एकाच दिवशीं निवर्तलीं. बाग मात्र फुलत राहिली.

संस्कृतांत ‘आराम’ म्हणजे बाग. आपण मराठींत विश्रांति या अर्थानें वापरतों तो आराम फारसींतला. आपल्या धर्मशास्त्रानें विहीर, तळें, देऊळ यांच्या पंक्तीस आरामही बसविला आणि या लोकोपयोगी कर्मांना ‘पूर्त’ म्हटलें. दुसऱ्यास विसांवा मिळाला म्हणजे दोन्ही अर्थ एक होतात.

हें मनांत घोळवीत घरीं आलों आणि अंगणाच्या तारेच्या कुंपणाशीं थबकलों. आळींतील पोरांनीं कैऱ्या पाडूं नयेत म्हणून तीस वर्षांपूर्वीं तें मींच घातलें होतें. मुलाला आजोबांच्या आंब्याची थोरवी सांगणारा मी स्वतः त्याचा गव्हर्नर होऊन बसलों होतों!

रात्रीं पंक्तीला मींच बोलावयास आरंभ केला. म्हटलें, “माझा हुकूम मीं मागें घेतला. आंबा माझा नव्हे, तुझाही नव्हे. आतां तूंच विचार करून सांग.” तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “बाबा, हिरवळ पुढच्या अंगणांत, चार हात पुरे. आंबा राहूं द्या.”

दुसऱ्या दिवशीं आम्हीं दोघांनीं मिळून तार काढली. यंदां कैऱ्या घरांत थोड्याच येतील. कुटुंबानें लोणच्याची बरणी लहान काढून ठेविली आहे. वाचकहो, आपल्याही परसांत एखादें असें कुंपण नाहीं ना, तें एकदां पाहून घ्यावें.