नवऱ्याची सही कायद्यात नाही

गर्भपातासाठी दवाखान्यात गेलेल्या बाईला सांगितले जाते, “नवऱ्याला घेऊन या, त्याची सही लागते.” नवरा नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलायला गेलेला असतो, नाहीतर पिऊन पडलेला. कधी तो हयातच नसतो. बाई परत फिरते आणि आठवडे वाढत जातात.

कायद्यात अशी सही नाही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते. मुलगी लहान असेल किंवा स्त्री मानसिक आजारी असेल, तरच पालकाची लेखी संमती लागते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. त्यापुढे २४ पर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि ती मुभा ठराविक स्त्रियांनाच आहे. म्हणून परत फिरवलेल्या बाईचा एकेक आठवडा मोलाचा. घरच्यांची संमती, जादा कागद अशा कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टर घालतात, हे सर्वोच्च न्यायालयानेच २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात नोंदवले. अविवाहित स्त्रीलाही हाच हक्क त्या निकालाने दिला. डॉक्टर भांडणाच्या भीतीने सही मागत असतील, पण आपली भीती त्यांनी कायदा म्हणून सांगू नये.

दुसरा गैरसमज दवाखान्याच्या भिंतीवरच्या पाटीमुळे होतो. ‘गर्भलिंग निदान गुन्हा आहे’ हे खरे, १९९४ चा कायदा तसा आहे. वस्तीत मात्र त्याचे ‘गर्भपात गुन्हा आहे’ असे होते. मग बाई मेडिकलमधून चोरून गोळ्या आणते आणि रक्तस्राव झाला तरी कुणाला सांगत नाही.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या वतीने रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला होता. तो फेटाळला गेला. बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरातही सासू “त्याला विचारलंस का?” म्हणते, हे मला खटकते. नवरा-बायकोने घरात जरूर बोलावे. सही मात्र तिचीच.

सरकारी रुग्णालयाला गर्भपातासाठी वेगळी मान्यता लागत नाही. घोडेगाव, मंचर, जुन्नर, नारायणगाव यांपैकी कुठे प्रशिक्षित डॉक्टर आहेत, ते आशाताईंना आधी विचारून घ्या. बाईचे नाव बाहेर सांगायला डॉक्टरला कायद्याने बंदी आहे. कुणी नवऱ्याची सही मागितलीच, तर शांतपणे म्हणा, “डॉक्टर, कोणत्या कलमात आहे ते कागदावर लिहून द्या.”