खाजकुयली, काढे आणि कंपवात

२०२५ च्या जुलैत अमेरिकेतून एक बातमी आली आणि तेव्हापासून आमच्या घरातल्या फोनला उसंत नाही. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉ. इगोर कोराल्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मरणोत्तर दान केलेले मेंदू तपासले. पार्किन्सन्स असलेल्या दहा जणांपैकी पाच जणांच्या मेंदूत त्यांना पेगीव्हायरस नावाचा विषाणू सापडला. हा आजार नसलेल्या चौदा जणांपैकी एकाच्याही मेंदूत तो नव्हता. हा विषाणू कावीळ 'सी'च्या भावकीतला, आणि आजवर निरुपद्रवी समजला गेलेला. बातमी खरी आहे. पण ती आमच्या भावकीत पोचेपर्यंत 'पार्किन्सन्स व्हायरसमुळेच होतो हे सिद्ध झालं' अशी झाली, आणि चार दिवसांत तिच्या पाठोपाठ व्हायरस मारणारे काढेही येऊ लागले.

सौ.ला हे दुखणं जडून नऊ वर्षं झाली. भाचेमंडळी, पुतणे, मुंबईतली, पुण्यातली, सगळी प्रेमापोटी पाठवतात. मी त्यांच्यावर रागावलेलो नाही. पण प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं उत्तर देऊन दमलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी काही डॉक्टर नाही. चाळीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेला मास्तर. तेव्हा इतिहासापासूनच सुरुवात करतो.

विषाणूचा संशय आजचा नाही. १९१८ साली मुंबई बंदरातून आलेल्या तापाने आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली. आपल्याकडे जुनी माणसं त्या साथीला मानमोडी म्हणायची. त्याच सुमारास युरोपात आणखी एक विचित्र साथ सुरू झाली होती. माणसं आठवडेच्या आठवडे झोपून राहायची. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन इकोनोमो या डॉक्टरांनी तिचं वर्णन लिहून ठेवलं. त्यातून वाचलेल्या अनेकांना पुढे, काहींना कित्येक वर्षांनी, कंप आणि ताठरपणा आला. पुतळ्यासारखी बसून राहिलेली अशीच माणसं १९६९ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स यांनी पाहिली, आणि लेव्होडोपा दिल्यावर ती उठून बोलू लागली. त्यावरचं त्यांचं 'अवेकनिंग्ज' हे पुस्तक १९७३ चं. मानमोडी आणि ती झोपेची साथ यांचा संबंध असणार असं पुष्कळांना वाटलं. तो पुराव्याने मात्र कधीच पक्का झाला नाही.

आपल्या देशातलं उदाहरण जपानी मेंदूज्वराचं. भातखाचरात वाढणाऱ्या डासांकडून येणारा हा ताप मेंदूच्या बुडाशी असलेल्या काळसर पट्ट्यावर घाव घालू शकतो. पार्किन्सन्समध्ये जो भाग झिजतो तोच हा. ताप उतरल्यावर काही रुग्णांत, विशेषतः मुलांत, हुबेहूब तशीच लक्षणं दिसतात. पण ती तापाच्या मागोमाग येतात आणि पुष्कळदा महिन्यांनी हळूहळू कमी होतात. सौ.च्या दुखण्याची चाल याच्या अगदी उलटी. आधी वास येईनासा झाला, फोडणी करपली तरी कळायचं नाही. मग अक्षर बारीक झालं, मग उजव्या हाताचा अंगठा हलू लागला. सगळं वर्षांच्या हिशेबाने.

डेन्मार्कमधल्या २०२१ च्या एका अभ्यासात फ्लू झालेल्यांना दहा वर्षांहून अधिक काळाने पार्किन्सन्स होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. तैवानमध्ये कावीळ 'सी'वर इंटरफेरॉनचा उपचार झालेल्यांत हे प्रमाण कमी दिसलं. तेव्हा विषाणूचा काही जणांत काहीतरी हात असावा, असं मलाही वाटतं. (शेतात फवारायच्या पॅराक्वाटवरचा संशय मला त्याहून दाट वाटतो. आमच्याकडे काजूच्या बागेत तणनाशक मारताना तोंडाला साधा रुमालही कोणी बांधत नाही. त्याबद्दल एकही फॉरवर्ड येत नाही याचं आश्चर्य वाटतं. असो.)

आता मुद्द्याचं. समजा, विषाणूनेच सुरुवात केली. तरी हात हलू लागेपर्यंत त्या काळसर पट्ट्यातल्या डोपामिन बनवणाऱ्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. आग कोणी लावली हे आज कळलं म्हणून जळलेलं घर उभं राहत नाही. कोराल्निक यांच्या शोधाचा उपयोग झालाच तर पुढच्या पिढीला होईल, आजार सुरू होण्याआधी अडवायला. नऊ वर्षांच्या रुग्णाला आज व्हायरस मारायचा काढा देण्याला त्यातून कसलाही आधार मिळत नाही. शिवाय 'अमुक पाल्याच्या रसाने व्हायरस मरतो' हे बहुतेक वेळा काचेच्या नळीतलं असतं. काचेच्या नळीत तो साबणानेही मरतो.

यावर एक गोष्ट मला फार आवडते. अमँटाडिन नावाचं औषध १९६६ साली अमेरिकेत फ्लूसाठी आलं. १९६८ मध्ये बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट श्वाब यांना त्यांच्या एका पार्किन्सन्सच्या रुग्ण बाईंनी सांगितलं, की फ्लू होऊ नये म्हणून ते औषध घेत होते तेवढे दिवस कंप आणि ताठरपणा पुष्कळ कमी होता, बंद केलं तसा परत आला. डॉक्टरांनी ते हसण्यावारी न नेता इतर रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९६९ मध्ये छापलं. आजही ते दिलं जातं, सौ.च्या डब्यातही आहे. म्हणजे विषाणूवरचं औषध पार्किन्सन्सवर चाललं! मग व्हायरसची गोष्ट खरीच म्हणायची? नाही ना. ते मेंदूतल्या रसायनांवर काम करतं म्हणून चालतं, फ्लूच्या विषाणूशी त्याचा संबंध नाही. फ्लूचे विषाणू तर आता त्याला दाद देत नाहीत, त्यामुळे त्या कामाला ते वापरतही नाहीत. गुण आला म्हणजे आपण धरलेलं कारण बरोबर होतं असं नसतं, हे दहावीच्या पोरांना समजावताना मला असं उदाहरण हवं होतं.

आता आपल्या कुंपणावरच्या वेलाकडे येतो. चंदगडात शाळेत गेलेल्या कोणाला खाजकुयली माहीत नाही? पावसाळा सरला की शेंगा धरतात, त्यांच्यावर ती तांबूस लव. ती मास्तरांच्या खुर्चीवर टाकणारी पिढ्यान्‌पिढ्यांची पोरं मी पाहिली आहेत, काही आज पाठवणाऱ्यांतही आहेत. तर या खाजकुयलीच्या बियांतून १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी लेव्होडोपा वेगळा काढला. तेव्हा त्याचा उपयोग काय हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे १९६० च्या दशकात तोच पार्किन्सन्सचा मुख्य उपचार ठरला आणि आजही आहे. वैद्य लोक कंपवातावर कवचबीज देत आले आहेत ते उगाच नव्हे. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी त्याचे रुग्णांवरचे परिणाम छापले. १९९५ मध्ये साठ रुग्णांवर बारा आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुण दिसला. मला याचा अभिमान वाटतो, लपवत नाही.

पण हा गुण विषाणू मारून आलेला नाही. गोळीत जे आहे तेच बीत आहे म्हणून तो आला. गोळीत त्याच्या जोडीला कार्बिडोपा असतं. ते लेव्होडोपाला वाटेतच, मेंदूबाहेर, खर्च होऊ देत नाही. बीमध्ये ती सोय नाही, म्हणून मात्रा जास्त लागते, मळमळ होते, रक्तदाब उतरतो. आणि पुडीपुडीत किती लेव्होडोपा आहे याचा भरवसा नाही. गोळ्या चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर तो सरळसरळ जादा डोस झाला, मग अंग वेडंवाकडं हलायला लागतं, भास होतात. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' असं म्हणणाऱ्याने आधी ठरवावं. त्यात दम आहे की नाही? दम असेल तर अपायही असणार.

सर्पगंधेचंच बघा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरचा उपयोग जगापुढे मांडला, मोठं काम. पण तिच्यातल्या रेसर्पिनने मोठ्या मात्रेत माणसं पार्किन्सन्ससारखी ताठ होतात. स्वीडनच्या कार्लसन यांनी १९५७ मध्ये तेच देऊन ससे निपचित केले आणि लेव्होडोपाने पुन्हा हलते केले. त्या कामाला २००० साली नोबेल मिळालं. एका पाल्याने आणलेली ताठरता खाजकुयलीच्या बीत असतं त्या द्रव्याने घालवली, असं म्हणा हवं तर. गुळवेलीचंही तसंच. करोनात घरोघर उकळली, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही, वाद झाला. सत्तरीतल्या, पाच गोळ्या चालू असलेल्या बाईवर मी तो वाद सोडवायला जाणार नाही.

माझी खरी भीती मात्र काढ्याची नाही, काढ्यासोबत येणाऱ्या एका वाक्याची आहे. 'कोर्स चालू असेपर्यंत इंग्रजी औषधं बंद ठेवा.' माझ्या एका आतेभावाने ते ऐकलं. देणारा कोण, कुठला, ते इथे सांगत नाही. चौथ्या दिवशी अंग लाकडासारखं, ताप चढलेला, शुद्ध हरपत चाललेली. बेळगावला नेलं, सतरा दिवस राहिला. लेव्होडोपा अचानक तोडला की असं होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो, हे तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. तो घरी आला, पण पूर्वीसारखा चालला नाही.

सौ.ला मी हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, पोरं प्रेमाने पाठवतात, एवढं तोडून नका लिहू." म्हटलं, "अगं, प्रेमाने पाठवतात म्हणूनच लोक घेतात." त्यावर गप्प बसली, म्हणजे पटलं असावं. किंवा दमली असेल, संध्याकाळी तिचा आवाज फार बारीक होतो.

तर पाठवायचंच असेल तर काय पाठवावं? जेवणाआधी तासभर गोळी घेतली तर ती नीट लागू होते, उसळीबरोबर घेतली तर अडते, हे आम्हाला पाच वर्षांनी कळलं. असं काही माहीत असेल तर कळवा. दारातून जाताना तिचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. मी उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे खडूने आडव्या रेघा मारल्या, ती रेघेवर पाय टाकत सहज निघून जाते. याला मास्तरकीचा एवढा एकच उपयोग झाला. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, २००० सालापासून रुग्ण आणि घरचे एकमेकांना धरून आहेत. पुण्याचे हृषिकेश पवार तर या रुग्णांना नृत्य शिकवतात. चंदगडात यातलं काही नाही. इथे आम्ही दोघे आणि सकाळचा रस्ता. फ्लूची लस दोघांनीही घेतली आहे, ती म्हातारपणी घ्यावीच म्हणून. कपाटात कवचबीजाच्या तीन पुड्या पडून आहेत, पुढच्या खेपेला बेळगावच्या डॉक्टरांना दाखवीन. ते म्हणाले तर देईन, त्यांनी गोळी कमी करून दिली तरच.