डोळा लाल झाला? थेंब नको, तपासणी हवी

दासगाव, महाड, पोलादपूर भागात डोळा लाल झाला की पहिली धाव मेडिकलकडे असते. "डोळ्याचा थेंब द्या" म्हटले की बाटली मिळते. नुसते डोळे आले असतील तर काही दिवसांत बरेही वाटते. पण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम झाली असेल, तर हीच सवय डोळा घालवू शकते.

ही जखम आपल्याकडे दोन वाटांनी येते. पहिली वाट शेतातली. भातकापणीत पात लागते, झोडताना कुसळ किंवा कोंडा डोळ्यात उडतो. जखम सुईच्या टोकाएवढी, पण तिच्यातून बुरशी आत शिरते. दुसरी वाट कॉन्टॅक्ट लेन्सची. शिकणारी, कंपनीत जाणारी आपली मुले-मुली आता लेन्स वापरतात. लग्नात रंगीत लेन्स घालतात. लेन्स घालूनच झोपले की आधीच झाकलेल्या बुबुळाला हवा आणखी कमी पडते. ते सुजते आणि जंतूंना जागा मिळते. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात लेन्स धुतली, तर पाण्यातला अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव डोळ्यात जाऊ शकतो. त्याचा उपचार महिनोन् महिने चालतो. पुराच्या पाण्यात उतरताना तर लेन्स नकोच.

वाट कुठलीही असो, शेवट एकच: व्रण, मग फूल, आणि गेलेली नजर. अनेक थेंबांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन यांसारखे स्टेरॉइड असते. त्याने लाली आणि दुखणे कमी होते, माणूस निर्धास्त होतो, आणि आत बुरशी वाढत राहते. असे थेंब चिठ्ठीशिवाय विकणे नियमात बसत नाही. तरी ते विकले जातात आणि आपण घेतो.

दोष मात्र सगळा आपल्या माथी मारू नये. मजुरी बुडवून, भाडे खर्चून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणे सोपे नाही. देशात अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून आहे, पण वस्तीत तो दिसतो तो मोतीबिंदूच्या शिबिरापुरता. मोतीबिंदू शिबिराची वाट पाहू शकतो, व्रण पाहू शकत नाही.

नेपाळमधल्या भक्तपूरने दुसरा रस्ता दाखवला. तिथे गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी बुबुळ खरचटलेल्या ४४२ जणांना तपासून तीन दिवस साधे प्रतिजैविक मलम दिले. १८ तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. एक दिवस उलटून गेल्यावर आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना झाला. फरक वेळेने पडला.

म्हणून आपली मागणी अशी हवी: कापणीच्या दिवसांत उपकेंद्रात हे मलम आणि जखम दाखवणारी रंगाची पट्टी असावी, आशाताईंना तपासणीचे प्रशिक्षण मिळावे. महिला मंडळाने आणि पंचायतीतल्या आपल्या सदस्यांनी ही मागणी ग्रामसभेत लेखी मांडावी.

तोवर घरात एवढे पाळा. झोडताना साधा चष्मा घाला. लेन्स झोपण्यापूर्वी काढा, फक्त लेन्सच्या द्रावणानेच धुवा, डबी दर तीन महिन्यांनी बदला, दुसऱ्याची लेन्स घालू नका. डोळा दुखला, लाल झाला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले तर लेन्स लगेच काढा आणि डबीसकट डॉक्टरांना दाखवा. कुसळ जिभेने किंवा पदराने काढू नका. मध, आईचे दूध, गुलाबपाणी घालू नका, पट्टी बांधू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा आणि डोळ्यांचे डॉक्टर कुठे भेटतील ते तिथे विचारा. एका दिवसाची मजुरी बुडेल, पण डोळा गेला तर पुढची सगळीच बुडेल.