दिवंगत स्नेह्याचे स्मारक

दर वर्षी ही स्मरणिका सिद्ध करताना काळ्या चौकटीतील काही छायाचित्रे आम्हांस छापावी लागतात. कोणी दिलदार स्नेही आपल्यातून गेलेला असतो. शोकसभा भरते, दुखवट्याचा ठराव होतो, तसबिरीस हार पडतो. आणि त्याच्या आधारावर ज्याचे शिक्षण चालले होते तो मुलगा मात्र पुढच्या फीच्या विवंचनेत असतो. स्नेह्याचे ऋण एवढ्याने फिटले असे आम्हांस वाटत नाही.

या बाबतीत शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या स्नेह्यांचा कित्ता गिरविण्याजोगा आहे. सुरतेस १८५१ साली जन्मलेल्या शेठजींनी मुंबईत मोत्यांच्या व्यापारात लौकिक मिळविला. पण त्यांची खरी ओळख विद्यार्थ्यांचा सखा हीच होय. गावाकडचा मुलगा बुद्धीत उणा नसतो. शहरात त्यास आसरा नाही, सूर्यास्तापूर्वी शुद्ध अन्न नाही, म्हणून त्याची विद्या खुंटते, हे त्यांनी ओळखले. १९०० साली वडिलांच्या नावे त्यांनी मुंबईत वसतिगृह काढले. कोल्हापूरच्या बोर्डिंगासही हात दिला.

१९१४ साली शेठजी निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ जमलेल्या निधीतून माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला निघाली. पंडित नाथूराम प्रेमी यांनी तिचा भार वाहिला. जुने संस्कृत-प्राकृत ग्रंथ छपाईच्या खर्चाइतक्याच किमतीत मिळू लागले. याच मालेत १९३८ साली ‘वरांगचरित’ हे प्राचीन काव्य प्रसिद्ध झाले. त्याचे संपादक डॉ. आ. ने. उपाध्ये हे आपल्या बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे. शेठजी गेले तेव्हा ते जेमतेम आठ वर्षांचे होते! मित्रांनी चालू ठेवलेले औदार्य असे दूरवर पोचते.

ग्रंथमाला काढण्याचे सामर्थ्य प्रत्येकाजवळ नसेल. परंतु एक गोष्ट सर्वांस साधेल. मित्र निवर्तल्यावर त्याच्या घरच्यांच्या संमतीने पेढीतील धर्मादाय खात्याचे पान उघडावे. कोणाची फी, कोणाचे औषध, कोणा निराधार भगिनीचा किराणा त्यावर चालत होता, ते पाहावे. हे वारसांचे काम, असे कोणी म्हणेल. पण त्यांच्यावर देण्याघेण्याचा भार आधीच असतो. चार-पाच स्नेह्यांनी ती रक्कम वाटून घेतली तर कोणासच जड जाणार नाही.

पुढील स्मरणिकेत तसबिरीखाली ‘यांचे धर्मादाय खाते चालू आहे’ एवढी एक ओळ छापण्याची संधी सभासदांनी आम्हांस द्यावी, ही विनंती.