गुण कशाने आला?

जून महिन्यात योगशिक्षकाला बोलावणी फार. शाळा, बँका, गृहनिर्माण संस्था, पोलीस वसाहती, कधी एखादा साखर कारखानाही. २१ तारखेच्या आगेमागे आपण सारखे कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावर असतो आणि प्रात्यक्षिक संपले की समोरून एक प्रश्न हटकून येतो: तुम्ही योगाकडे कशा वळलात? मग आपण आपले दुखणे सांगतो. कुणाची पाठ, कुणाचा दमा, कुणाची अर्धशिशी, कुणाचे बाळंतपणानंतर खचलेले मन. सभागृह शांत होते. तासभर केलेल्या आसनांनी जे साधत नाही ते या पाच मिनिटांच्या गोष्टीने साधते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात चार नवी माणसे येऊन बसतात.

या गोष्टीविषयीच आज आपणा शिक्षकांशी बोलायचे आहे.

मासिकाकडे येणारी निम्मी पत्रे याच विषयाची असतात आणि त्यांचा साचा एकच असतो. आजार होता, डॉक्टर झाले, औषधे झाली, कुणीतरी वर्गाला नेले, आता मी ठणठणीत आहे. मधले सारे गाळलेले. किती दिवस लागले, औषधे कधी थांबली, थांबली की अजून चालू आहेत, कोणत्या आसनाने उलट त्रास वाढला, सोडून द्यावेसे कधी वाटले, यातले काहीच त्यात नसते. ही पत्रे खोटी नसतात. लिहिणाऱ्याने ते भोगलेले असते, हे अक्षरावरूनही कळते. पण दुसऱ्या शिक्षकाच्या कामी येईल तो भाग नेमका त्यातून निसटलेला असतो.

बी. के. एस. अय्यंगार यांचेच उदाहरण घेऊ, कारण ते आपण सगळे सांगतो. जन्म डिसेंबर १९१८चा, कर्नाटकातल्या बेळ्ळूरचा. इन्फ्लुएंझाची साथ चालू होती आणि आई त्याच तापाने आजारी होती. पुढे मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी बालपण पोखरले. १९३४ साली हा मुलगा म्हैसूरला थोरल्या बहिणीकडे राहायला गेला. तिचे यजमान म्हणजे टी. कृष्णमाचार्य. इथवर सांगून आपण उडी मारतो ती थेट १९६६ सालच्या 'लाइट ऑन योगा'वर, दोनशे आसनांवर आणि सहाशेच्या आसपास छायाचित्रांवर.

आपल्या कामाचे आहे ते या दोन टोकांच्या मधले. गुरूंना हा काटकुळा मुलगा सुरुवातीला योगाला लायकच वाटत नव्हता. एकदा पाहुण्यांसमोर, तयारी नसताना, हनुमानासन करून दाखवावे लागले आणि मांडीमागचे स्नायू फाटले. पुढे बराच काळ त्यांना नीट चालता येत नव्हते. म्हणजे ज्या अभ्यासाने ते सावरले त्याच अभ्यासाने त्यांना जखमही केली होती. १९३७ साली ते पुण्याला आले, ते डॉ. व्ही. बी. गोखले या सिव्हिल सर्जनच्या पुढाकाराने, डेक्कन जिमखान्यावर सहा महिने शिकवण्यासाठी. वय अठरा, मराठी येत नाही, इंग्रजी जेमतेम, आणि समोर शिकायला उभे असलेले तरुण अंगाने त्यांच्याहून धडधाकट. अशा वेळी शरीर उपजत लवचीक असते तर भागून गेले असते. ते नव्हते, म्हणून प्रत्येक आसनात नेमके काय अडते, कुठे अडते, हे त्यांना स्वतःच्या अंगावर शोधावे लागले. पुढे आलेले दोर, पट्टे, विटा, खुर्च्या, लोड यांची मुळे मला त्या अडण्यात दिसतात. ज्याला पश्चिमोत्तानासनात कपाळ सहज गुडघ्याला टेकवता येते त्याला लोडाची गरज सुचणार नाही.

आणि १९७९ साली, साठाव्या वर्षी, स्कूटरच्या अपघाताने ते शरीर पुन्हा मोडले. साऱ्या जगाला आसने शिकवलेल्या माणसाला पुन्हा प्राथमिक आसनांपासून सुरुवात करावी लागली. बरे होणे त्यांच्याही वाट्याला एकदाच आले नव्हते. ही बाजू व्यासपीठावरून फारशी ऐकू येत नाही, कारण तिला टाळ्या पडत नाहीत.

त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांची गोष्ट आपण याहून वाईट पद्धतीने सांगतो. नवव्या वर्षी त्यांना मूत्रपिंडाचा गंभीर विकार जडला होता. वडिलांनी सांगितले की यापुढे औषधे नाहीत, योग कर, नाहीतर मरणाची तयारी ठेव. त्या जगल्या, मोठ्या झाल्या, स्त्रियांच्या योगाभ्यासावर पुस्तक लिहून त्यांनी पिढ्या घडवल्या आणि डिसेंबर २०१८मध्ये, वडिलांची जन्मशताब्दी झाल्यावर दोनच दिवसांनी गेल्या. ही गोष्ट वर्गात सांगताना एक तपशील गळतो. लिहून दिलेले औषध विकत घेण्याची त्या घराची ऐपत नव्हती. औषध थांबले त्यामागे गरिबी होती. तो तपशील गाळला की एका बापाची लाचारी आपल्या तोंडी उपचारपद्धती होऊन बसते, आणि समोर मांडीवर लेकरू घेऊन बसलेली आई ती पद्धती म्हणूनच घरी नेते. कृष्णमाचार्यांचे खुब्याचे हाड वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी मोडले, त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली आणि अंथरुणावरच करता येईल असा अभ्यास स्वतःसाठी बसवला, हेही आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. कौतुक करावे असेच ते आहे. पण ऐकणाऱ्या सत्तर वर्षांच्या आजींच्या पाठीशी कृष्णमाचार्यांची आठ दशके नाहीत. त्यांना शस्त्रक्रियेची तारीख मिळाली असेल तर ती गोष्ट त्या दिवशी सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे दुसऱ्यांना सांगण्याआधी मी स्वतः काय केले ते सांगायला हवे.

माझी पाठ एकोणतिसाव्या वर्षी गेली. पाण्याची कळशी उचलताना कमरेत काहीतरी लचकले आणि डाव्या पायात घोट्यापर्यंत वीज उतरली. मणक्यांमधली चकती सरकली होती. दोन आठवडे वेदनाशामक गोळ्या, मग फिजिओथेरपी, आणि त्यानंतर माझ्या शिक्षिकांनी मला पालथे झोपवून सुरुवात केली. आधी नुसते मकरासन. मग कोपर जमिनीवर ठेवून भुजंगासन, मग शलभासनात एकेक पाय. चार महिन्यांनी मी पाटावर बसून जेवले. तेव्हापासून अनेक वर्षे मी सांगत आले की मला भुजंगासनाने उभे केले. गोळ्यांचा उल्लेख कधी केला नाही. फिजिओथेरपीचाही नाही. आणि चकतीची बरीचशी दुखणी काही आठवड्यांत, काही महिन्यांत आपसूकही ओसरतात, हे कळल्यावरही मी ते सोयीने बाजूला ठेवले.

मग वर्गाला एक काका आले. एसटीचे निवृत्त चालक, वय त्रेसष्ट, कंबर आणि दोन्ही पाय दुखत होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ताई, चालायला लागलं की पाय भरून येतात. कट्ट्यावर जरा टेकलं की मोकळं वाटतं." मी मान डोलावली आणि त्यांना माझा क्रम दिला. मकरासन, भुजंगासन, शलभासन. माणूस शिस्तीचा, रोज दोन वेळा करत होता. तीन आठवड्यांत त्यांचे चालणे निम्म्यावर आले. मुलीने अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेले तेव्हा कळले की पाठीच्या कण्यातली मज्जारज्जूची नळी अरुंद झाली होती. अशा पाठीत मागे वाकले की ती जागा आणखी आकसते आणि पुढे झुकले की मोकळी होते. मला तारणारे आसन त्यांच्या नसा आवळत होते. निदान त्यांनी पहिल्या वाक्यात माझ्या हाती दिले होते. कट्ट्यावर बसले की बरे वाटते, याहून स्पष्ट ते कसे सांगणार होते? पण त्यांच्या शब्दांत मी माझीच पाठ ऐकत होते.

ते रागावले नाहीत. पुढच्या सोमवारी येऊन मागच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "ताई, ते सापाचं आसन सोडून दुसरं काही आहे का?"

त्या प्रश्नानंतर मी माझी गोष्ट सांगणे काही काळ थांबवले. आज मला वाटते की थांबवणे हाही उपाय नव्हे. आजारातून गेलेल्या शिक्षकाला काही गोष्टी कळतात त्या निरोगी शिक्षकाला पुस्तकातून कळणार नाहीत. शवासनात पाठ जमिनीला टेकवायची भीती वाटते म्हणजे काय, हे मला माहीत आहे. दम्याचा रुग्ण श्वास सोडताना घाबरतो हे दमेकरी शिक्षकाला सांगावे लागत नाही, आणि तो कुंभकाची घाई करत नाही. नैराश्यातून गेलेली शिक्षिका डोळे मिटून बसवलेल्या साधकाकडे एकदा तरी बघून घेते, कारण मिटल्या डोळ्यांमागे काय उसळू शकते हे तिने पाहिलेले असते. पतंजलींनी साधनेतल्या नऊ अंतरायांमध्ये व्याधीला पहिले स्थान दिले आहे. ज्याने तो अडथळा आतून पाहिला तो वाटेवरचे खड्डे दाखवू शकतो. फक्त आपल्या पायाला बसलेली चप्पल त्याने दुसऱ्याच्या पायात कोंबू नये.

यात आपली भाषा पुष्कळ मदत करते. आपण तिचा उपयोग करत नाही, एवढेच. 'बरा झालो' हे एक क्रियापद आपण सगळीकडे ठोकून देतो. घरात मात्र आपण किती नेमके बोलतो! तापाला उतार पडतो. औषधाचा गुण येतो. साखर आटोक्यात राहते. गुडघा दुखतो, पण निभावते. माणूस गेल्यानंतर घर सावरते. ही वेगवेगळी फळे आहेत आणि योगाभ्यासाने यांतली कोणती मिळाली हे प्रत्येकाला सांगता येते. रक्तदाबाची गोळी चालू असताना आकडा आटोक्यात आला असेल तर तसेच म्हणावे. तसे म्हटले तर ऐकणारा आपली गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करणार नाही.

सावरण्याचे जे उदाहरण मला सगळ्यात जवळचे वाटते ते अमेरिकेतल्या मॅथ्यू सॅनफर्ड यांचे. १९७८ साली, तेराव्या वर्षी, मोटारीच्या अपघातात वडील आणि बहीण गेली आणि त्यांचे शरीर छातीखाली लुळे झाले. पंचविशीत त्यांनी अय्यंगार पद्धतीचा अभ्यास सुरू केला. ते चालू लागले नाहीत. आजही चाकांच्या खुर्चीत आहेत आणि अपंग व धडधाकट अशा दोघांनाही शिकवतात. ज्या अर्ध्या शरीराला विसरून जायला त्यांना सांगण्यात आले होते त्याची जाण अभ्यासाने त्यांना परत दिली, असे ते सांगतात. 'वेकिंग' हे त्यांचे पुस्तक २००६ साली आले. बरे होण्याच्या कुठल्याही तक्त्यात हा माणूस बसणार नाही. तरीही त्याला काहीच मिळाले नाही, असे कोण म्हणेल?

आपल्या महाराष्ट्रातच दुसरी एक वाट घालून दिलेली आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौलीत पोटात काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले, आतला दाब मोजला. गुरूंकडून मिळालेल्या अभ्यासावर त्यांची श्रद्धा होती, आणि श्रद्धा होती म्हणूनच त्यांना मोजायची भीती वाटली नाही. शंभर वर्षांनंतर आपल्यापैकी कितीजण साधकाची साधी वही ठेवतात? क्ष-किरण यंत्र नको, दोन रुपयांची पेन्सिल पुरे. पहिल्या दिवशी काय दुखत होते, कोणती औषधे चालू होती, काचबिंदू आहे का, हाडे ठिसूळ झाली आहेत का, एवढे लिहून घेतले तरी शीर्षासनाने वाढणारा डोळ्यांतला दाब आणि पुढे वाकताना पिचणारा मणका आपल्या वर्गात टळेल.

पुढच्या अंकापासून आपण 'माझा अभ्यास' हे सदर सुरू करत आहोत. त्यात शिक्षकांनी स्वतःच्या दुखण्याची आणि साधनेची हकीकत लिहावी. तिच्यात औषधे असावीत, डॉक्टर असावेत, चुकलेली आसने असावीत, साधना बंद पडलेले महिने असावेत. ज्यांना गुण आला नाही त्यांचे लेखन मला आधी हवे आहे, कारण ते आजवर कुणी मागितलेले नाही. नाव द्यायचे नसेल तर देऊ नये. लेखन फार सजवू नये. चार पाने पुरेत.

त्या काकांनी आपली वही मला वाचायला दिली आहे. आता ते टेबलावर पुढे झुकून पाठ मोकळी करतात, खुर्चीवर पिंढऱ्या ठेवून पडून राहतात, दुखेल त्या दिवशी डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतात. घरापासून गणपतीच्या देवळापर्यंत विजेचे एकोणीस खांब आहेत आणि न बसता किती खांब चालता आले ते ते रोज लिहितात. माझ्या भुजंगासनाच्या दिवसांत तीन. दिवाळीत सात. मे महिन्यात बारा. गेल्या सोमवारी नऊ लिहिले आहेत, आणि शेजारी बारीक अक्षरात: पाऊस, रस्ता निसरडा.